टीव्हीच्या मागून खेळलेला गेम

फ्लॅट घेताना दादाने मला विचारलं नव्हतं. गाडी घेतल्याचं तर ती दारात उभी राहिल्यावर कळलं. पण लहानपणीच्या व्हिडिओ गेम्सचा नव्याने घासूनपुसून काढलेला संच घ्यावा की नाही, यावर त्याने महिनाभर माझं डोकं खाल्लं. रोज शाळेतून येऊन चहा टाकते न टाकते तोच त्याचा फोन यायचा. अमक्याने चांगलं म्हटलंय, तमक्याने शिव्या घातल्यात, चित्रं स्वच्छ केलीत, संगीत नव्याने वाजवून घेतलंय. मुलीचं स्थळ बघतानासुद्धा माणूस इतकी चौकशी करत नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, जुन्या भांड्याला कल्हई केलीय, एवढंच ना? घ्यायचं तर घे, नाहीतर नक्को."

"हौ, पण भांडं आपलं आहे ना," दादा म्हणाला.

आपलं कुठलं? तो गेम मी आयुष्यात कधी पाहिलाच नव्हता, आणि तरी नुसत्या आवाजावरून तो मला पाठ होता. हे कसं, ते सांगायचं तर आमच्या हैदराबादच्या, गौलीगुड्याच्या घराची रीत सांगावी लागेल.

आमच्या घरात दुरुस्ती म्हणजे वस्तूपाशी एक माणूस नेमणे. अँटेना हलायची, तर ती बदलण्याऐवजी दादाला गच्चीवर पाठवायचं आणि खालून "आलं, आलं, गेलं" असं ओरडायचं. कूलरची मोटर पाणी ओढायची नाही, म्हणून आई तांब्याने पाणी घालायची. मोरीच्या दाराची कडी लागत नसे, म्हणून आत जाणारा गाणं म्हणायचा. बाबा म्हणत, मिस्त्री बोलावला की एकाचे चार बिघाड होतात, घरचं माणूस कधी बिघडत नाही. आम्हा हैदराबादी मराठ्यांची सगळी यंत्रं अशी माणसांवर चालायची, आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नसे.

अशा घरात बाबांनी एका दसऱ्याला आबिड्सच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणला. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, "एक कॅसेट में नौ लाख गेमां हैं, साब. बच्चे खेलते खेलते बुड्ढे होजाते." त्या नऊ लाखांत चारपाचच गेम निघाले, बाकी सगळे तेच, नावं बदलून. त्यातल्या एकात दादाचा जीव अडकला. एक बुटका माणूस किल्ल्यातून पळतो, एवढंच मला सांगण्यात आलं होतं.

सांगण्यात आलं होतं, कारण गेमची वायर टीव्हीच्या मागच्या भोकात सैल बसायची. अंगठ्याने दाबून धरली तरच चित्र यायचं. दादाने काडी खुपसून पाहिली, रबर लावून पाहिलं, शेवटी घराच्या रीतीप्रमाणे माणूस नेमला. टीव्ही कोपऱ्यात भिंतीला लागून होता आणि त्या फटीत फक्त माझं अंग मावायचं. मी लहान, बारीक आणि बिनपगारी. झाली नेमणूक.

"पुढची पाळी तुझी," दादा म्हणायचा. खोटं बोलत होता असं नाही, त्याला तसं खरंच वाटायचं. पण माझी पाळी आली तर वायर कोण धरणार? त्याचा हात त्या फटीत जात नसे. वायर सोडून मी पुढे आले की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग दादा ओरडायचा, "काय करायलीस? धर ना!" मी परत मागे.

मागे धूळ होती, एक पाल होती आणि टीव्हीची ऊब होती. आणि आवाज होता. बुटक्या चालला की टपटप, नाणं मिळालं की टिंग, मेला की ढम्म. मला त्या आवाजांतून सगळं दिसायचं. एका ठिकाणी वाघ गुरगुरायचा. एका ठिकाणी नदी होती. आणि एक पूल होता, तो तुटायच्या आधी बारीक टिकटिक व्हायची. ती ऐकू आली की मी मागून ओरडायचे, "उडी!" आणि दादाचा बुटक्या पलीकडे. गल्लीतली पोरं दादाला उस्ताद म्हणायची. मला कुणी काही म्हणायचं नाही, कारण मी दिसतच नव्हते.

मग त्या फटीत माझेही खांदे मावेनात. वायर धरायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून गेम बंद पडला आणि पुढे रद्दीवाल्याकडे गेला. दादाला वाईट वाटलं ते गेमचं. मला वाईट वाटलं ते पाळीचं. ते वाईट वाटणं इतकं हास्यास्पद होतं की मी कुणाला सांगितलं नाही. पोरांना गणित शिकवणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या बाईने कशावर रुसून बसावं, याला काही मर्यादा असते. पण मी रुसले होते, आणि अजून रुसलेलीच होते.

तर दादाने शेवटी तो संच घेतला. "घेतलो बघ. रविवारी ये. आपलं बालपण परत आलंय."

मी कुकटपल्लीला दादाच्या फ्लॅटवर गेले. जाताना मनात एकच गोष्ट होती, आणि ती मागायची लाज वाटत होती.

दादाचा टीव्ही भिंतीवर चिकटवलेला आहे, पाठीमागे मुंगीसुद्धा जाणार नाही. वायर नाही, कॅसेट नाही, डबासुद्धा नाही. सगळं हवेतून उतरलेलं. दादाने मला आधी सोयी दाखवल्या. मेलं की बटण दाबून मागे जाता येतं. कुठेही थांबून चहाला जाता येतं. आणि जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघा हव्या असतील तर त्याही मिळतात. ज्या रेघा घालवायला आम्ही अर्धं बालपण गच्चीवर काढलं, त्या आता खास सोय म्हणून विकायला होत्या. मी हसले, दादा नाही हसला. तो देवापुढे बसल्यासारखा बसला होता.

आणि मग मी तो गेम पहिल्यांदा पाहिला. वाघ नव्हता, गुरगुरत एक फाटक उघडत होतं. नदी म्हणजे एक निळा पट्टा. माझा किल्ला याच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता.

दादा मात्र पुलापाशी गेला आणि पडला. पुन्हा गेला, पुन्हा पडला. नवं संगीत लग्नातल्या बँडसारखं दणदणत होतं. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या. आमच्यात इतकी वर्षं राहून त्या मराठी उत्तम बोलतात, पण कळवळा आला की तेलुगूवर येतात. "अय्यो, मळ्ळी पोयाडा?" म्हणजे पुन्हा गेला का बिचारा.

"गेम बिघडवलाय यांनी," दादा चिडून म्हणाला. "पूल बदललाय. तेव्हा मी डोळे मिटून पार करायचो."

"मग ते मागे जायचं बटण दाब."

"बेइमानी नक्को."

त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मला त्याची दया आली. महिनाभर चौकशी करून आणलेलं बालपण, आणि तो त्यातच नापास होत होता. सोयींच्या यादीत मला 'जुना आवाज' असं काहीतरी दिसलं. मी ते लावायला सांगितलं. बँड थांबला. टपटप सुरू झाली, तीच. मला भिंतीच्या चुन्याचा वास आला. मी डोळे मिटले, आणि माझा अंगठा आपोआप सोफ्याच्या दांडीवर दाबला गेला.

टिकटिक.

"उडी!" मी ओरडले.

बुटक्या पलीकडे गेला. दादाने गेम थांबवला आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"तू ओरडायचीस," तो म्हणाला.

"हौ."

"मला वाटायचं, मीच..."

"सगळ्यांना तेच वाटायचं."

मला रडू आलं. एका बुटक्यापायी रडावं म्हणजे कमालच. पण आलं, आणि मी ते पुसलंही नाही. दादाने खेळायचं ते रिमोटसारखं यंत्र माझ्या हातात दिलं.

तेव्हा कुणी विचारलंच, तर हे संच घ्यावेत का, यावर माझं मत असं: पुढे बसून खेळलेल्यांनी जपून घ्यावेत, त्यांची फजिती होते. मागे बसलेल्यांनी जरूर घ्यावेत.

मला ते यंत्र धड धरताही येत नव्हतं. बुटक्या माझ्या हातात भिंतीवर डोकं आपटत राहिला. दादा थोडा वेळ सोफ्यावर चुळबुळला, मग उठला आणि टीव्हीच्या खाली भिंतीला टेकून माझ्याकडे तोंड करून बसला. तिथून त्याला पडदा दिसत नव्हता. कान टवकारून तो टिकटिकीची वाट बघत होता.

"उडी!" तो ओरडला, भलत्याच वेळी. मी ढम्म झाले. पुन्हा ओरडला, पुन्हा ढम्म. वहिनी हसत भजी ठेवून गेल्या आणि ती गार झाली तरी आम्ही हात लावला नाही.

शेवटी दादा पाय चोळत म्हणाला, "आता दे ना मला थोडा वेळ."

"पुढची पाळी तुझी," मी म्हटलं, आणि पुन्हा सुरू केला.