साडेपाचनंतरची बॅटरी

सबनीसकाकांविषयी मी लिहावं, एवढी माझी लायकी नाही. त्यांच्याबरोबर उभा जन्म काम केलेली मोठी माणसं बंगळूरमध्ये आहेत. मी त्यांच्या हाताखाली जेमतेम वर्षभर होतो. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील इचलकरंजीत मागावर कामाला. लिहायचं म्हणजे परीक्षेचा पेपर, एवढंच मला ठाऊक. पण मागच्या महिन्यात काकांबद्दल जे कळलं, ते मनातून जात नाही. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी बंगळूरला शिकत असताना काकांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथल्या मल्लेश्वरममध्ये, मराठी मंडळाच्या गणपतीत. आरती नुकतीच संपली होती, आणि एक उंच, किंचित वाकलेला माणूस लाउडस्पीकरच्या बॅटरीला पालथा हात लावून उभा होता. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. मंडपवाल्याला म्हणाले, "अण्णा, हिला ताप आलाय. स्वल्प थांबव." तो हसला आणि निघून गेला. अध्यक्षांचं भाषण रंगात आलं असताना लाउडस्पीकर बंद पडला. काका तोवर कोपऱ्यात द्रोणातला प्रसाद खात बसले होते. मी जवळच होतो. "बॅटरी बोलत नाही रे," ते म्हणाले, "तापते. तिची तेवढीच भाषा."

मी इलेक्ट्रिकल शिकतो हे कळल्यावर त्यांनी मला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आपल्या सरकारी प्रयोगशाळेत बोलावलं. मला ते 'संपतराव' म्हणत. एवढ्या मोठ्या माणसाने राव लावला की मला घाम फुटायचा.

त्यांचं काम विजेवर चालणाऱ्या मोटरसायकलच्या बॅटरीचं होतं. शिशाची बॅटरी सगळ्यांना माहीत आहे, पण ती फार जड. "ती मोटरसायकलवर चढवली, की गाडी माणसाला नेत नाही, बॅटरीला फिरवून आणते," असं काका म्हणत. म्हणून ते निकेल आणि जस्ताची बॅटरी करत होते. ती हलकी, आणि चढावरही जोर धरणारी. दोष एकच. चार्ज करताना विरघळलेलं जस्त पुन्हा सारखं बसत नाही. त्याच्या बारीक सुया वाढतात, आणि एक दिवस मधला पातळ पडदा फोडून पलीकडे जातात. मग बॅटरी संपली. काकांनी पडदा आणि आतलं पाणी बदलून बदलून त्या सुया जवळजवळ थांबवल्या होत्या. त्यांच्या टेबलावरच्या बॅटऱ्या शेकडो वेळा भरून रिकाम्या झाल्या तरी टवटवीत होत्या. मी पहिल्या आठवड्यातच त्यांचं कौतुक करायला लागलो, तर म्हणाले, "नवी बॅटरी पाहुण्यासारखी गोड वागते. घरात मुरू दे, मग स्वभाव कळेल."

बंगळूरबाहेर आनेकलला मंजुनाथ नावाच्या गृहस्थांचं छोटं वर्कशॉप होतं. नव्वद सालानंतर जो तो काहीतरी नवीन काढायच्या मागे होता. यांनी विजेची मोटरसायकल काढायची ठरवली. दूध घालणाऱ्या लोकांना ती विकायची, असा त्यांचा बेत. काकांच्या बॅटऱ्या बसवून त्यांनी काही गाड्या रस्त्यावर आणल्या, आणि दीड-दोन महिन्यांतच ते प्रयोगशाळेत आले. रागावलेले नव्हते. माझ्याशी ते हिंदीत बोलत, काकांशी कन्नडमध्ये. इथे मराठीत लिहितो.

"सार, तुमच्याकडे या बॅटऱ्या दोन वर्षं जगतात. माझ्याकडे आल्या की मरतात. आमच्या गावचं पाणी वाईट आहे का?"

"पाणी चांगलं असेल," काका म्हणाले. "माणसं कशी आहेत, ते येऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी बसने आम्ही आनेकलला गेलो. काका सकाळपासून शेडच्या दारात स्टूल टाकून बसले. गाडी फिरून आली की एकजण लगेच चार्जिंगची वायर लावायचा. भरली की दुसरा घेऊन निघायचा. काका मधूनमधून उठून बॅटरीला हात लावून येत. संध्याकाळी दुसऱ्या पाळीची माणसं आली आणि तेच पुन्हा सुरू झालं. काकांनी विचारलं, "मंजुनाथ, मेन स्विच कधी बंद करता?"

"कशाला बंद करू, सार? दूधवाला पहाटे तीनला उठतो. गाडी तयार नको?"

आम्ही परतीची बस धरली. मल्लेश्वरमला उतरल्यावर काका फुटपाथवरच थांबले आणि म्हणाले, "संपतराव, आपल्याकडे मेन स्विच कधी बंद होतो?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या प्रयोगशाळेत साडेपाचला पहारेकरी मेन स्विच खाली ओढायचा. आगीच्या भीतीने तसा नियमच होता. रात्रभर, रविवारी, सणावारी बॅटऱ्या नुसत्या पडून असायच्या. त्या वेळात कोवळ्या सुया आपोआप विरघळून जात. पडद्याची आणि पाण्याची करामत थोडी. बाकी सगळी सुटीची.

"आपण बॅटरी तपासलीच नाही रे," काका म्हणाले. "आपण कचेरीची वेळ तपासली."

प्रयोगशाळेच्या प्रमुखांपुढे तेव्हा मोठी योजना होती. काकांच्या आकड्यांवर एक कारखाना उभा राहणार होता. काकांनी आकडे मागे घेतो म्हटल्यावर प्रमुखांनी त्यांना नीट समजावलं. मी फायली घेऊन मागे उभा होतो.

"सबनीस, आकडे खोटे नाहीत ना? मग मागे कशाला घेता? तळटीप द्या. 'मध्ये विश्रांती दिल्यास', एवढे शब्द घाला."

"सर, गाडी चालवणारा तळटीप वाचत नाही."

"निवृत्तीला किती महिने राहिलेत तुमचे?"

"थोडेच. म्हणून तर घाई."

योजना बारगळली. काकूंना हे पटलं नव्हतं. मी जेवायला गेलो तेव्हा त्या आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "तळटीप तर तळटीप. जग काय यांच्या एका बॅटरीवर चाललंय? पण नाही. हे आपले हरिश्चंद्र. आणि रात्री छताकडे बघत कोण पडतं? हेच." काका भात कालवत राहिले. त्यांना झोप लागत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीत घातलं, ती खरी होती की सुटीचा खेळ होता, हे त्यांना जाण्याआधी कळायला हवं होतं.

निवृत्त झाल्यावर ते जे. पी. नगरला राहायला गेले. आनेकल तिथून जवळ, हे खरं कारण. मंजुनाथांनी शेडचा एक कोपरा त्यांना दिला. म्हणाले, "सारनी रोग खरा सांगितला. आता औषधही तेच काढतील." काका रोज बसने जात. नवा पडदा, नवं पाणी, आणि बॅटऱ्यांना क्षणाचीही उसंत नाही. मी तोवर पुण्यात नोकरीला लागलो होतो. फोन केला की ते तब्येतीचं बोलतच नसत. "अजून मुरते आहे," एवढंच.

मग त्यांना हृदयविकार जडला आणि घराबाहेर पडणं बंद झालं; बॅटऱ्या मंजुनाथ सांभाळू लागले. गेल्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. फार वाळले होते, पण चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी काकूंनी आनेकलचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून मंजुनाथांचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. "ओडता इदे, सार." चालू आहे.

"तापते का?"

"नाही, सार. थंड आहे."

"सरी, सरी." बरं, बरं. रिसीव्हर काकूंकडे देत ते मला म्हणाले, "बघ संपतराव. साडेपाच वाजून गेले." आणि हसले. काकू चहा आणायला आत गेल्या.

मागच्या महिन्यात कंपनीत मंजुनाथांचा फोन आला. काका गेले होते; तेरावंही होऊन गेलं होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांना झोप छान लागायची, असं मंजुनाथ म्हणाले. मग त्यांनी आवाज उतरवला.

"संपत, त्या बॅटऱ्या दिवाळीआधी, दसऱ्यालाच बंद पडल्या. सगळ्या. मी एक उघडून पाहिली. पडद्यातून सुया आरपार."

ज्या माणसाने स्वतःचा आकडा स्वतः मागे घेतला, त्याच्या कानात शेवटी काय घातलं गेलं होतं? मी विचारलं, "काकूंना सांगितलंत?"

"अक्कांना बॅटऱ्या बंद पडल्या त्याच दिवशी सांगितलं," ते म्हणाले. "त्याच म्हणाल्या, रोज संध्याकाळी मी फोन लावेन."