दुसऱ्या पुष्पात पळालेलं सैन्य

रविवार, १८ मे २००८, दुपारी तीन. कार्डिफ, आमची बैठकीची खोली. हजर: मंडळातले सर्वांत ज्येष्ठ सर्जन आणि त्यांच्या पत्नी, नागपूरचे हाडांचे डॉक्टर, सहकुटुंब, सॉफ्टवेअरमधली दोन तरुण जोडपी, वक्ते, म्हणजे आमचे हे, आणि मी. गैरहजर: आमचा मुलगा. तो मेडनहेडहून निघणार होता, मीच नको म्हटलं. त्याचा चेहरा बघून ह्यांना बोलणं जमलं नसतं.

आमच्या मंडळाची वसंत व्याख्यानमाला अशी घराघरांत चालते. पुण्यासारखीच पुष्पं, फक्त तीनच, शेवटी शाल आणि नारळ. सभागृहाऐवजी सोफे, इतकंच. विषय बहुधा शिवकाल नाहीतर पेशवाई. त्या वर्षी ह्यांनी मध्ययुगातला लिथुआनिया घेतला. ह्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तिकडची एक नर्स होती. तिने दिलेल्या एका पुस्तकावरून हा नाद लागला. भूलतज्ज्ञाची नोकरी मुदतीआधी सोडावी लागली, तेव्हा तेवढाच उरला.

नोकरी का सोडली, ते मंडळात कोणाला ठाऊक नव्हतं. जानेवारीत मेमरी क्लिनिकमध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान झालं होतं. घरी आल्यावर कोट न काढताच हे म्हणाले, "तीन पुष्पं होऊ देत. तोवर कोणाला सांगू नकोस." मी कामाला लागले. मजकूर मोठ्या टायपात, एका कार्डावर एक प्रसंग, कोपऱ्यात आकडा, रोज नाश्त्यानंतर तालीम.

एप्रिलमधलं पहिलं पुष्प छान झालं. पश्चिमेला तलवारीच्या जोरावर बाप्तिस्मा देणारे जर्मन धर्मयोद्धे, पूर्वेला तातार, आणि मध्ये जुने देव न सोडलेलं हे राज्य. गळ्याशी आलं की वकील पाठवून कळवायचं, आम्ही ख्रिस्ती होतो. निभावलं की विषय बंद. नागपूरकर म्हणाले, "म्हणजे पुणेकरांचं जेवणाचं आमंत्रण." सगळ्यांत जास्त हेच हसले.

दुसऱ्या पुष्पात दोघा चुलतभावांचं वैर होतं. एकाने आपलाच मुलूख देऊ करून त्या धर्मयोद्ध्यांचा आसरा घेतला, तोही दोनदा. दुसरा एव्हाना पोलंडचा राजा झाला होता. मग भावांचा समेट झाला आणि १४१० साली दोघं पोलंडच्या फौजेसह त्याच योद्ध्यांवर चालून गेले. लढाईत लिथुआनियाची बाजू पाठ दाखवून पळाली, शत्रू मागे लागून विस्कळीत झाला, आणि पळालेल्यांतले पुष्कळ मागे फिरले. ती खरी पळापळ होती की हूल, यावर अजून वाद आहे. आमची मंडळी त्याचसाठी सरसावून बसली होती. गनिमी कावा म्हटला की मराठी माणसाला चहा लागत नाही.

पळण्याचं कार्ड ह्यांनी वाचलं. खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा तेच वाचलं. त्याच जागी थांबून, त्याच ठिकाणी हात उंचावून. मग तिसऱ्यांदा. आमच्यात वक्त्याला मध्ये कोणी टोकत नाही. ज्येष्ठ सर्जन डोळे मिटून मान डोलवत होते. तरुणांना वाटलं असावं, मुद्दा ठसवताहेत. शेवटी नागपूरकर म्हणाले, "डॉक्टर, फार पळवलंत बिचाऱ्यांना. आता आणा की परत."

ह्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आले का गं परत?"

"आले," मी म्हटलं.

लोक हसले. नवरा-बायकोची जुगलबंदी वाटली त्यांना. मी उठून चहा टाकला, सर्जनसाहेबांनी ह्यांना शाल पांघरली, नारळ दिला. कप विसळताना नागपूरच्या वहिनी म्हणाल्या की तिसरं पुष्प त्यांच्याकडे ठेवू या, जूनमध्ये, बागेत. मी बरं म्हटलं.

ते पुष्प म्हणजे धर्मयोद्ध्यांचा आसरा घेतलेल्या भावाची अखेर. ऐंशीच्या घरात त्याला राजा व्हायचं होतं. जर्मनीच्या राजाने मुकुट देऊ केला, सरहद्दीवर पोलंडच्या लोकांनी वकिलांना अडवलं, आणि वाट बघता बघता म्हातारा गेला. कार्डं मी मे महिन्यातच तयार केली. जूनमध्ये ह्यांना ती क्रमाने लावता येईनात, म्हणून पुष्प पुढे ढकललं. जुलैत एका कार्डावरचं वाक्य संपेपर्यंत सुरुवात हरवायची. मी कार्डं कमी केली, वाक्यं तोडली, शेवटी नुसती चित्रं काढून पाहिली. ह्यांनी चित्रांवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "हे कोणाचं आहे?"

सप्टेंबरात मंडळाला सगळं सांगितलं. नागपूरकर येऊन दोन तास बसले. जाताना म्हणाले, वाटल्यास मी वाचतो त्यांच्या वतीने. मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकत ह्यांनी बसायचं, हे मला बघवलं नसतं.

बाकी सगळं उरकलं. गाडी विकली, बँकेची कागदपत्रं माझ्याकडे घेतली, गॅसच्या जागी इलेक्ट्रिक शेगडी आली. पण रविवार कोणता ते ह्यांना अजून कळतं. न्याहारी झाली की इस्त्रीचा शर्ट मागतात, केस विंचरतात आणि बैठकीच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसतात. "आज आहे ना?" विचारतात. पुढच्या रविवारी, मी म्हणते. तिसरं पुष्प होणार नाही, हे ह्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.