उजवीकडून कोऱ्या वह्या

नर्मदाबाईंचं आणि मोठ्या बाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य, हे हिंगोलीच्या त्या मुलींच्या शाळेत पहिलीतल्या पोरीलाही ठाऊक होतं. मोठ्या बाई म्हणजे शकुंतलाबाई. नर्मदाबाई तिसरीवर. तोंडाच्या फाटक्या. धपाटा आधी, कारण मागून. पण निजामाच्या राज्यात पोरींना मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता आलं पाहिजे, ही जिद्द त्या बाईचीच.

लढाईमुळं कागदाची मारामार होती. नर्मदाबाई सुटे कागद जमवून दाभणानं वह्या शिवायच्या आणि एकाच वहीत दोन्ही भाषा लिहून घ्यायच्या. डावीकडून उघडली की मराठी, उजवीकडून उघडली की उर्दू. दोन्ही अक्षरं मधल्या पानावर भेटली की वही संपली.

त्या साली तपासणीला साहेब येणार होते. तिसरीच्या वह्या पटल्या तर शाळेला चौथी मिळणार. नाहीतर तिसरी झाली की पोरी घरी, आणि घरून सासरी.

शकुंतलाबाईंनी गठ्ठा बघितला आणि नाक मुरडलं. "शी! हळदीचे डाग, तेलाचे डाग. ह्या का साहेबापुढं ठेवायच्या? बऱ्या घरच्या, बऱ्या अक्षराच्या पोरी मी निवडते. नव्या वह्यांत सुवाच्य लिहून घेऊ. ह्या टाका सरपणाच्या खोलीत."

"आन् बाकीच्या पोरी काय मेल्या?"

"त्या दिवशी घरी ऱ्हातील. अन् तोंड सांभाळा. तिसरी तुमच्याकडून काढायला मला येळ न्हाई लागायचा."

नर्मदाबाईंनी जळफळत जुन्या वह्या धडप्यात बांधून सरपणाच्या खोलीत ठेवल्या. नव्या वह्या शकुंतलाबाईंनी समोर बसून लिहून घेतल्या. अर्धी वही मराठी, पुढं काहीच नाही. उर्दू त्यांना येत नव्हतं, आणि नर्मदाबाईंना विचारायचं म्हणजे नाक कापून हातात द्यायचं.

तपासणीच्या आदल्या दिवशी नर्मदाबाईंनी त्या वह्या चाळल्या आणि उर्दूची बाजू कोरी आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. 'मर म्हणावं! मोठी आली सुवाच्यवाली.'

साहेब आले, बसले, आणि उर्दूच्या सवयीनं त्यांनी वही उजवीकडून उघडली. कोरी. दुसरी उघडली, तीही कोरी. शकुंतलाबाई पांढऱ्याफटक पडल्या. खोटं कशाला बोला, नर्मदाबाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

साहेब कारकुनाला म्हणाले, "लिखो, उर्दू कुछ नहीं हुआ. चौथी की जरूरत नहीं."

अगं बाई! मोठ्या बाईंचं काय जाणार होतं? जाणार होत्या त्या पोरी. नर्मदाबाई तशाच धावल्या आणि धडपं आणून टेबलावर उपडं केलं.

"साहेब, शाळेच्या खऱ्या वह्या ह्या हैत. त्या नुसत्या दाखवायला केल्या."

साहेबांनी पिवळ्या डागांची एक वही उजवीकडून वाचत मधल्या पानापर्यंत नेली. मग दुसरी घेतली. "ये मदीनाबी कौन? और मनकर्णा? कहाँ हैं?"

"घरी ठिवल्या. डाग पडल्याले हैत म्हणून."

चौथी मिळाली. पण कोणता वर्ग कोणाला, हे ठरवणार मोठ्या बाईच. चौथी त्यांनी स्वतःकडं घेतली. नर्मदाबाईंना दिली पहिली, म्हणजे पाट्यांचा वर्ग. तिथं वहीचं नावच नको.

चौथी उघडली त्या सकाळी नर्मदाबाईंनी प्रत्येक पोरीच्या हातात नवी शिवलेली वही ठेवली. "जा. उजवीकडून कोरी ठिवली तर तंगडं मोडीन."

पोरी जाऊन बसल्या. मदीनाबीनं विचारलं, "बाई, उर्दू कोन शिकवनार?"

शकुंतलाबाई फळ्याकडं वळल्या. अंगणापलीकडं पाट्या पुसून घेणाऱ्या नर्मदाबाईंना तो प्रश्न स्वच्छ ऐकू आला. "बोलवा की मला," त्या पुटपुटल्या. उठून जाणं त्यांनाही जमलं नाही.

कोणी बोलावलं नाही. वर्षभर चौथीच्या वह्या उजवीकडून कोऱ्याच राहिल्या.