शेवटच्या माणसानं ‘चला’ म्हणायचं

फेब्रुवारीत माझा उजवा गुडघा बदलला. त्यानंतर आठ महिने घर ते भाजीवाली आणि भाजीवाली ते घर, एवढंच माझं लातूर उरलं होतं. पुण्यातली लेक रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, ‘पाय कसा आहे?’ मी म्हणायचे, ‘एकदम बरा.’ तिचा विश्वास बसायचा नाही. मग घर बंद करून पुण्याला कायमचं येण्याचा विषय निघायचा. दिवाळीत ती मला न्यायलाच येणार होती.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मुलांना रांगेत मी न्यायचे. आता मला कुणी न्यावं, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. आमच्या भागातली काही मंडळी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुठंतरी चालायला जातात. ऑक्टोबरात त्यांचं औशाच्या किल्ल्यापासून एका गावच्या तलावापर्यंत जायचं ठरलं होतं, आठ किलोमीटर. लेकीला न सांगता मी नाव दिलं आणि मनाशी पैज लावली. तलाव गाठला तर लातूर, नाही गाठला तर मुकाट्यानं बॅग भरायची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं माझं झालं होतं, तेही नव्या गुडघ्याला.

त्या दिवशी पहाटेपासून परतीचा पाऊस लागला होता. कुणी येणार नाही असं धरून मी बसस्टँडवर गेले, तर वीसेक माणसं छत्र्या, रेनकोट, खताच्या पोत्याच्या खोळी असं मिळेल ते घेऊन उभी होती. औशाला उतरून किल्ल्याच्या दाराशी जमलो. तिथं आमच्या म्होरक्यानं नव्या माणसांना नियम सांगितले. हे गृहस्थ एस्टीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, औशाचेच, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. सगळे त्यांना चाचा म्हणत होते.

‘एक शिट्टी मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं,’ चाचा म्हणाले. ‘एस्टीची घंटीच समजा. पण थांबल्यावर जो सगळ्यात मागं असंल, त्यानं चला म्हणायचं. त्यानं म्हणल्याबिगर मी दोन शिट्ट्या मारत न्हाई.’

आणि ते स्वतः सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. म्होरक्या मागे चालतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. सगळ्यात पुढे एक दूधवाला होता, उंच, सडपातळ, शर्यतीत धावणारा. त्याला रस्ता पाठ होता.

शेवटी कोण असणार हे मला औसा सुटायच्या आतच कळलं. पंधरा मिनिटांत बाकीचे पुढे गेले आणि मागे मी आणि चाचा उरलो. त्यांनी एक शिट्टी मारली. पुढची सगळी माणसं एका लिंबाखाली थांबली. मी धापा टाकत तिथं पोचले, तेव्हा सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरीकडे बघावं तशी, असं मला वाटलं. मी टेकलेसुद्धा नाही. म्हटलं, ‘चला.’ चाचांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि दोन शिट्ट्या मारल्या.

दुसऱ्या थांब्यालाही तेच. तिसऱ्यालाही. तोवर डांबरी रस्ता संपून शेतांमधली वाट लागली होती. दोन्ही बाजूंना काढून ठेवलेल्या सोयाबीनचे ढीग ताडपत्रीखाली झाकलेले. वाट सगळी काळ्या मातीची. ही माती पावसात कुणाला सोडत नाही. चार पावलं टाकली की बुटाला किलोभर चिखल, काडीनं काढला की पुन्हा चार पावलांत तेवढाच. पाय उचलताना नव्या गुडघ्यात कळ येत होती. तरी मी पडले तरी नाक वर ठेवणारी बाई. चौथ्या थांब्यावर एका विहिरीपाशी पोचले आणि श्वास घ्यायच्या आधी म्हटलं, ‘चला.’

चाचांनी शिट्टी खिशात टाकली.

‘बाई,’ ते हळूच म्हणाले, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. ‘तुम्ही लई घाई करायलात. मी लातूर-नांदेड गाडीवर घंटीची दोरी ओढली. म्हातारी माणसं एक पाय पायरीवर असताना म्हणायची, ओढा मास्तर, मी चढलो. आपल्यामुळं लोकाला उशीर नको म्हणून. मी तोंडाचं कधी ऐकलं न्हाई. पाय बघायचो, मगच दोरी. तुमचा पाय अजून पायरीवरच हाय.’

मला आधी राग आला. माझ्या वर्गात मी पोरांच्या चुका अशाच पकडायचे, आणि पकडलं जाणं कसं लागतं ते तेव्हा कळलं नव्हतं. मग एकदम रडूच कोसळेल असं झालं. मी म्हटलं, ‘दुखतंय. खूप दुखतंय. बसावं लागेल.’

‘बसा की,’ चाचा म्हणाले. ‘मग थांबलोय कशाला?’

मला खाली मांडी घालून बसता येत नाही. दूधवाला तेवढ्यात मागे आला. त्यानं विहिरीचा कठडा हातानं पुसला, वर आपली खोळ अंथरली आणि बाजूला झाला. कुणीतरी थर्मासमधला चहा दिला, कुणी उकडलेल्या शेंगा. माझ्या डोक्यावर तिघांनी छत्र्या जोडून धरल्या. त्यांचे स्वतःचे खांदे भिजत होते. मी सगळ्यांच्या मनगटांवर नजर ठेवून होते, की कोण घड्याळ बघतंय. कुणीच बघितलं नाही. सोयाबीनला यंदा काय भाव मिळेल, नायगावच्या पाहुण्याकडं लग्न कधी, असल्या गप्पा चालल्या होत्या. घरची माणसं मायेनंच म्हणतात, ‘तू बस, आम्ही जाऊन येतो.’ इथं कुणी जाऊन येत नव्हतं. वीस माणसं भर पावसात माझ्या एका पायासाठी उभी होती, आणि ते उपकार आहेत असं एकानंही मला जाणवू दिलं नाही. हे त्यांना कुणी शिकवलं, ते मला माहीत आहे. तो माणूस टोपी पिळत सगळ्यांच्या मागे उभा होता. तीस वर्षं खडू झिजवून मला एवढा एक नियम सुचला नव्हता.

अर्ध्या तासानं मी उठले. पाय टेकवून पाहिला, दोन पावलं चालले, परत आले. मग म्हटलं, ‘चला.’ चाचांनी पायाकडे पाहिलं आणि खिशातून शिट्टी काढली.

पुढे आणखी तीनदा मी स्वतःहून थांबायला सांगितलं. अकराला पोचायचं ते आम्ही एकच्या पुढे पोचलो. तलाव काठोकाठ भरला होता, पाण्यावर पाऊस पडत होता. परतीची एस्टी कधीच निघून गेली होती. पुढच्या गाडीपर्यंत सगळे त्या गावच्या शाळेच्या ओसरीत बसलो, आणि दूधवाल्यानं माझ्या बुटाचा चिखल खरवडून काढला. नको नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

पैज मी जिंकले होते. संध्याकाळी फोन वाजला.

‘पाय कसा आहे?’

‘एकदम’ इतकं तोंडातून गेलंसुद्धा. मग मी थांबले.

‘दुखतोय,’ म्हटलं. ‘सुजलाय. आज आठ किलोमीटर चालले, सगळ्यात शेवटी. सात वेळा थांबले. बर्फ लावून बसले आहे.’

मी बोलणी खायची तयारी केली.

‘आई,’ ती म्हणाली, ‘आठ महिन्यांत पहिल्यांदा तू मला काहीतरी खरं सांगितलंस. रोज बरा, बरा. मला वाटायचं, तू पडून असशील आणि मला सांगणारच नाहीस. त्या भीतीनं तुला इकडं आणायचं होतं गं.’

पुण्याला न जाण्याचे सगळे मुद्दे मी पाठ करून ठेवले होते, त्यातला एकही लागला नाही.

‘मग दिवाळीला येऊ की नको?’ तिनं विचारलं.

‘ये की,’ मी म्हटलं. ‘न्यायला नको, राहायला ये.’

ती हसली की रडली ते फोनवर कळलं नाही. मी मात्र रडत होते, आणि तेही तिला सांगितलं.