चिनी पोथीसह कोल्हापूरला

आजऱ्याचे विसूभाऊ गुरुजी नसते, तर मी आज वडिलांबरोबर तेलाचा घाणा हाकत असतो. मला अक्षरे त्यांनी शिकवली, महाराजांकडे शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांनी लिहिला आणि मी बी. ए. झालो तेव्हा गावात पेढे वाटले तेही त्यांनीच. गुरुजींनी चीन पाहिलेला नाही. दम्यामुळे जवळचा आंबोलीचा घाटही पाहिलेला नाही. तरी चिनी ग्रंथांवर कोणी काय पांडित्य केले याचा इतिहास ते बारा वर्षे मराठीत लिहीत आहेत. चीनच्या लढाईवरून परतलेल्या एका शिपायाने त्यांना तिकडची एक पोथी दिली होती. ती खरोखर चिनी ऋषींच्या वचनांची आहे की आणखी कशाची, हे कळल्याखेरीज शेवटचे प्रकरण लिहायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. चीनमध्ये आयुष्य काढलेले एक पाद्रीसाहेब कोल्हापुरात येणार असे कळताच त्यांनी पोथी उपरण्यात बांधून माझ्या हाती दिली.

"जिवापाड जप," एवढेच म्हणाले.

उत्तूरपर्यंत भाताची खाचरे होती. पुढे निपाणीकडे वाऱ्याला तंबाखूचा वास येऊ लागला. चिनी लिपी वरून खाली वाचतात असे मी सांगताच गाडीवान रामा म्हणाला, "मान दुखंल की ओ!" एका ओढ्यात गाडी रुतली. रामा एकटाच चाकाला भिडला, कारण मी गुडघाभर पाण्यात पोथी डोक्यावर धरून उभा होतो. धुणे धुणाऱ्या एका म्हातारीने येऊन उपरण्याला हळदकुंकू लावले.

"कुठल्या द्येवाची?"

"चीनची आहे, आजी."

"असू दे. त्योबी द्येवच की."

कोल्हापुरात खानावळीत तांबडा रस्सा जेवलो आणि डोळ्यांतले पाणी पुसून पोथी उघडली. प्रत्येक पान बाहेरच्या कडेला जोडलेले होते! कॉलेजात प्रोफेसरांच्या नव्या इंग्रजी पुस्तकांची अशी जोडपाने मीच कापून देत असे. म्हणजे इतक्या वर्षांत गुरुजींनी पोथी नीट उघडलीच नव्हती. साहेब हसतील म्हणून मी लगोलग जवळच्याच दस्तगीरचाचांच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात गेलो.

चाचांनी पान दिव्याकडे धरले. "पावणं, ही घडी मुद्दाम घातलीया. आत कोरं हाय."

"चाचा, मी पुण्यात अशी शेकडो पाने कापली आहेत."

"आन् मी चाळीस वर्सं कागदच बघतोय न्हवं?"

"मी बी. ए. आहे."

चाचांनी सुरी माझ्यापुढे सरकवली. "मग कापा की. माझा हात लागायचा न्हाय."

पहिले पान आतून कोरे निघाले. दुसरेही. पुढे मजकूर असेल या आशेने मी शेवटपर्यंत कापत गेलो.

सकाळी पाद्रीसाहेबांनी पोथी उघडली आणि त्यांचा चेहरा फुलला. ऋषींची वचनेच होती. बारीक अक्षरांत पंडितांच्या टीका होत्या. मग त्यांची नजर कडांवर गेली. "हे कोणी केले?"

मी उभा राहिलो. तिकडे कागदाच्या एकाच बाजूला छापतात आणि कोरी बाजू आत घेऊन घडी घालतात, असे त्यांनी समजावले. मग त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मला वाटले रडताहेत. ते हसत होते.

दुकानात परतलो तेव्हा चाचा म्हणाले, "जाऊ द्या. गुरुजीस्नी लिवायला जागा झाली की!"

गुरुजींना तोंड दाखवण्याआधी हे पत्र टपालाने पुढे धाडले:

"तीर्थस्वरूप गुरुजींच्या चरणी साष्टांग नमस्कार. पोथी खरी आहे, ऋषींचीच आहे. प्रकरण निर्धास्त लिहावे. परंतु मी ती सगळी कापली. दस्तगीरचाचा नको म्हणत होते, मी ऐकले नाही. कणकेच्या खळीने कडा जोडता येतील असे ते म्हणतात. आपली आज्ञा येईपर्यंत त्यांना थांबवले आहे. हे ग्रंथ एका बादशहाने जाळले, म्हाताऱ्यांनी पाठांतरातून परत आणले, पंडितांनी त्यांवर दोन हजार वर्षे वाद घातले, असे आपण लिहिले आहे. ते कापणारा कोणी आपल्याला आढळला नव्हता. तो आता आढळला. शेवटच्या प्रकरणात माझे नाव गावासकट घालावे. नावापुढे बी. ए. लिहू नये."