साहेबांच्या गळ्यातला कांदा

आमच्या बाबांचा देवावर नाही तेवढा विश्वास कांद्यावर आहे. मार्च सरला की त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक कांदा येतो आणि मृग लागेपर्यंत तिथेच मुक्काम ठोकतो. अकोल्याच्या उन्हात चाळीस वर्षं हिंडूनही त्यांना कधी लू लागली नाही, याचं सगळं श्रेय त्या कांद्याला. डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याला नाही, आणि आईच्या पन्ह्याला तर मुळीच नाही. आईनं या श्रेयावरून वाद घालणं कधीच सोडून दिलं आहे.

कुत्रं मी आणलं. "माणसायले कूलर पुरत नाई, अन् हे आनखी एक," बाबा कुरकुरले. पहिल्याच उन्हाळ्यात त्या कुत्र्यानं कूलरसमोरची नेमकी बाबांची जागा बळकावली. थंड फरशीवर पोट टेकायचं, चारी पाय पसरायचे आणि घोरायचं. जेवण झालं की बाबा त्याच्यापुढे उभे राहून विचारायचे, "साहेब, थोडं सरकता काय?" साहेब एक डोळा उघडत आणि मिटत. तेव्हापासून घरात त्याला साहेबच म्हणतात. बाबा बडबडत भिंतीशी झोपायचे आणि मला मनातून गुदगुल्या व्हायच्या, कारण लहानपणी त्या जागेवर आम्हा भावंडांना पायसुद्धा ठेवू दिला नव्हता.

गेल्या मे महिन्यात कूलरच्या गवती ताट्या बदलायच्या होत्या. बाबा भर दुपारी स्कूटर काढून निघाले, तर साहेब आधीच पुढच्या जागेत चढून बसलेले.

"बाबा, त्याले नोका नेऊ. ऊन किती आहे," मी म्हटलं.

"त्याचा बंदोबस्त केला ना म्या!"

बंदोबस्त म्हणजे कांदा. सुतळीनं पट्ट्याला बांधलेला, छातीवर पदकासारखा लोंबणारा. मी तेव्हाच त्याला खाली उतरवायला हवं होतं. पण मला हसू आवरेना. मी फोटो काढला आणि 'साहेब दौऱ्यावर' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिला. माझ्या अकलेचा कांदा तो हाच.

दुकानात गर्दी होती. तासाभरानं स्कूटर परत आली तेव्हा साहेब उतरले नाहीत, घसरून पडले. धाप थांबेना, तोंडातून चिकट लाळ गळत होती, हिरड्या लालभडक झाल्या होत्या. उभा राहायला गेला तर मागचे पाय लटपटले. आई ओरडली. बाबांनी पळत जाऊन गोधडी भिजवून आणली आणि त्याला नखशिखान्त गुंडाळलं.

मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "गोधडी काढा आधी!" त्या इतक्या जोरात बोलल्या की बाबांनाही ऐकू गेलं. "आतली गरमी आतच कोंडते. साधं पाणी टाका, पोटावर, मांड्यांवर, पंजांवर. बर्फ नोका लावू. हवा लागू द्या, अन् लगेच घेऊन या."

बाबांनीच साहेबाला उचलून कूलरसमोर, आपल्या जागेवर ठेवलं. मी तांब्यानं पाणी ओतत होते आणि बाबा ओल्या हातांनी त्याचे पंजे चोळत होते. "साहेब, पाहा ना इकडं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला भीती वाटत होती आणि त्या फोटोची लाज वाटत होती. ग्रुपवर अजून हसण्याच्या खुणा येत होत्या.

ऑटोतून दवाखाना गाठला. सलाईन लावता लावता डॉक्टरीणबाईंचं लक्ष कांद्याकडे गेलं.

"काका, हे काय?"

"लू लागू नये म्हणून," बाबा हळूच म्हणाले.

"कुत्र्याले कांदा म्हणजे जहर आहे. रक्त खराब होते त्याचं. खाल्ला तं नाई ना यानं?"

बाबांनी सुतळी सोडली. कांद्यावर दोन दातांच्या खुणा होत्या, पण कांदा अख्खा होता. तो हातात धरून बाबा खुर्चीत मटकन बसले. संध्याकाळी साहेबानं मान उचलली आणि बाबांची बोटं चाटली. बाबांनी तोंड फिरवून दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि दवाखान्यात धूळ फार आहे म्हणाले.

आता साहेब फिरायला जातात ते सूर्य उगवायच्या आत. कधी उशीर झाला तर बाबा चप्पल काढून स्वतः डांबरी रस्त्यावर उभे राहतात. पाय भाजला तर फिरणं रद्द.

परवा अमरावतीला एक लग्न होतं, तेही ऐन दुपारचं. बाबा दुपट्टा बांधून निघाले. आईनं सवयीनं विचारलं, "कांदा घेतला काय?"

"नाई."

"काहून?"

"याले खिशात तोंड घालाची सवय आहे," बाबा कूलरसमोर पसरलेल्या साहेबाकडे बघत म्हणाले. "घरी आल्यावर माह्या ध्यानात नाई राह्यलं, अन् यानं खाल्ला तं? मले लू लागली तं लागली."

आईनं पन्ह्याचा पेला पुढे केला. बाबांनी तो उभ्या उभ्या रिकामा केला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच रिकाम्या खिशानं उन्हात गेले.