सासूबाईंच्या खुर्चीचा हात

भोंग्या हे नाव कारखान्याने दिलं, पण ते कमावलं त्याच्या तोंडाने. खुर्च्यांचे हात ओतणं हे त्याचं काम. दोन पातळ रसायनं साच्यात एकत्र सोडायची आणि माल आळायला लागला की बटण दाबून मधोमध गॅस सोडायचा. गॅस माल कडेला रेटतो, हात आतून पोकळ आणि हलका होतो. घाई केली तर साल फाटते, उशीर केला तर नुसता ठोकळा. भिंतीवर घड्याळ होतं, पण हा पठ्ठ्या वेळ मोजायचा किश्श्याने! माल सोडला की किस्सा सुरू, लोक हसले की बटण. आणि माल कधी बिघडत नसे, हे विशेष.

घरी मात्र त्याची डाळ शिजत नव्हती. चाकाच्या खुर्चीत बसून सासूबाई त्याला तासायच्या. "जावईबापू, तोंड चालतं तसे हात चालले असते तर घरावर सोन्याची कौलं असती!"

त्याच खुर्चीचा हात मोडला, तेव्हा ह्याने छाती ठोकली. "आई, मी ओतून आणतो. मग बोला!"

मालक हो म्हणाला, पण एकदाच ओतायचं या अटीवर.

त्या दिवशी भोंग्याने किस्सा निवडला, तोही सासूचाच. शेजारच्या साच्यावरच्या मिस्त्र्याला तो तोंडपाठ. किश्श्यातली सासू दारात येते न येते तोच मिस्त्री खो खो हसत सुटला, आणि सवयीने भोंग्याचं बोट बटणावर. फुस्स! साचा उघडला तर हाताच्या एका बाजूला पोकळीपर्यंत हे भगदाड!

"आता रे?"

"ती बाजू मांडीकडे लाव," मिस्त्री म्हणाला. "कोण बघतंय तिथे?"

बसवला. वरून झकास! सासूबाईंनी हात चाचपला, आणि बोटं भोकापाशी थबकली. बाईंनी बोटं आत घातली, मग अख्खा पंजा. स्वयंपाकघराकडे एकदा बघून त्या ओरडल्या, "पोरी, काय काम केलंय तुझ्या नवऱ्याने! असा कारागीर शोधून सापडायचा नाही!"

भोंग्याला गहिवरून आलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची ढकलताना तिच्या पोकळ हातात काहीतरी खुळखुळलं. डॉक्टरांनी गोड बंद केलेल्या सासूबाईंचा एक गाल फुगलेला होता.

"आई, तुमची साखर..."

"जावईबापू, लेकीला भोक दाखवू?"

भोंग्याने मुकाट्याने तळहात पुढे केला. सासूबाईंनी त्यावर एक लिमलेटची गोळी ठेवली.